राहणाऱ्यांचं जग

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा रात्री साडेनऊला फोन आला. बी.कॉम. होऊन त्याला आठेक वर्षं झाली. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, तो अकाउंट्स बघतो. अकाउंट्स म्हणजे तिथं अकाउंट्स, डिस्पॅच, जीएसटी, बँक आणि वेळ पडली तर मालकांच्या मुलीची शाळेची फीसुद्धा. "सर, एक विचारू काय? जर्मनीच्या पार्टीकडनं एक्सेल शीट आलीया. एक टन कास्टिंगला किती युनिट लाइट लागती, स्क्रॅप कुठनं घेता, वापरलेल्या सँडचं काय करता, असलं सगळं विचारलंय. पंधरा दिवसांत भरून पाहिजे म्हणतात. हे आपल्याला कुठल्या पेपरात होतं?"

कुठल्याच पेपरात नव्हतं. तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय व्यापार त्याला मीच शिकवला होता, त्यामुळं हे कबूल करताना जीभ जड झाली. त्या पेपरात दर एक-दोन वर्षांनी हमखास येणारा प्रश्न असतो: 'जागतिकीकरणाचे फायदे व तोटे स्पष्ट करा.' उत्तराचा साचाही ठरलेला. १९९१ चं आर्थिक धोरण, त्याचं 'खाउजा' (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) हे लाडकं नाव, १९९५ ची जागतिक व्यापार संघटना, मग पाच फायदे, पाच तोटे आणि शेवटी 'अशा प्रकारे जागतिकीकरण ही काळाची गरज आहे.' त्यावर बरोबरची खूण करून दहापैकी सात-आठ गुण मीही वर्षानुवर्षं देत आलो आहे. जर्मनीच्या त्या शीटमध्ये फायदे-तोटे कुणी विचारले नव्हते. युनिट विचारले होते.

ही शीट का आली, ते आता सगळ्या फौंड्रीवाल्यांना कळू लागलं आहे. बाहेरून येणाऱ्या मालामागं किती कार्बन हवेत गेला, याचा हिशेब युरोपीय संघानं मागायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती कळवायची होती, जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे मोजायचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशी यादी आहे. आपल्याकडचे सगळे सुटे भाग आज त्या यादीत बसत नाहीत. पण तिकडचा ग्राहक यादीत नाव येईपर्यंत थांबत नाही. त्याला त्याच्या कंपनीचा हिशेब द्यायचा असतो म्हणून तो शिरोलीला विचारतो, आणि शिरोलीचा मालक केबिनचं दार उघडून बी.कॉम. झालेल्या पोराला विचारतो.

विद्यापीठानं विद्यार्थ्याला जागतिक भविष्यासाठी तयार केलं पाहिजे, हे वाक्य आता पदवीदान समारंभात, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात, नव्या शैक्षणिक धोरणावरच्या प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. त्याला कुणाचा विरोध नाही, माझाही नाही. फक्त हे वाक्य बोलताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो विद्यार्थी असतो, तो बॅग भरून विमानतळावर उभा असतो. जगासाठी तयार होणं म्हणजे जगात निघून जाण्यासाठी तयार होणं, असं आपण न बोलता धरून चाललो आहोत. मला हे उलटं वाटतं. जगाचं शिक्षण सगळ्यात जास्त लागतं ते इथंच राहणाऱ्याला, आणि त्यालाच ते सगळ्यात कमी मिळतं.

राजारामपुरीतून एक चक्कर मारा. गल्ल्यांच्या तोंडाशी पूर्वी टायपिंग आणि शॉर्टहँडचे फलक असायचे, तिथं आता कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलियाचे झेंडे लावलेले फलक आहेत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे बँड, व्हिसा, शिक्षणकर्ज, सगळं एका छताखाली. त्या पोरांबद्दल माझ्या मनात असूया नाही. गुंठ्याला गुंठा जोडलेली जमीन गहाण टाकून पोराला पाठवणाऱ्या बापाबद्दल तर नाहीच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. जो जातो, त्याला तो देशच शिकवतो. पहिल्या महिन्यात घरमालकाचा करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला शिकवतो, कारण न वाचल्याचा भुर्दंड बसतो. बसचं वेळापत्रक, कराचा फॉर्म, दुसऱ्या देशातल्या रूममेटशी भांडण आणि समेट, यातून वर्षभरात त्याचं जे शिक्षण होतं ते आमच्या तीन वर्षांच्या पदवीत होत नाही. राहिलेल्याला हे कोण शिकवणार? त्याच्या घरासमोर कळंबा किंवा कसबा बावडाच आहे. जग मात्र त्याच्याकडं रोज येतं. येताना झेंडा लावून येत नाही, म्हणून ओळखू येत नाही, इतकंच.

आणि राहणारे किती, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. माझ्या कुठल्याही वर्गातले साठ चेहरे घ्या. परदेशी गेलेले मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतात.

खरं तर आमचं विद्यापीठ जन्मालाच आलं ते राहणाऱ्यांसाठी. १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन त्यासाठी आले होते. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार. उजाड माळावर विद्यापीठ उभं राहिलं आणि 'कमवा आणि शिका'तून शिकणारी पोरं-पोरी तिथं राबली. आजरा, विटा, फलटण, गडहिंग्लजच्या पोरांना, त्यातही पोरींना, शिकायला फार लांब जावं लागू नये, हा त्यामागचा साधा हिशेब. आज कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत अडीचशेहून अधिक कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचं यश जर चार पोरं बाहेर गेली यावर मोजायचं ठरवलं, तर घरच्या लग्नात पाहुण्यांच्या गाड्याच मोजत बसल्यासारखं होईल.

कोल्हापुरात लेख लिहायचा आणि शाहू महाराजांचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्याच्यानं होणार नाही. मात्र ते नाव घेताना नेहमीचा ठेवणीतला 'शाहूनगरी' हा शब्द बाजूला ठेवतो आणि दोनच गोष्टी सांगतो. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. ते तिकडं असतानाच, २६ जुलैला, मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा करवीरच्या गॅझेटात छापून आला. त्या वेळी माणूस लंडनमध्ये होता आणि त्याचं डोकं करवीरच्या कचेऱ्यांत कोण बसतं यात होतं. दुसरी गोष्ट खासबागेची. रोमचं कलोसियम बघून महाराजांना हे मैदान सुचलं, असं कोल्हापुरात सांगतात. ते खरं धरलं तर बघा, माणसाला श्वापदापुढं टाकायचा खेळ बघण्यासाठी बांधलेली ती बैठक इथं लाल मातीतल्या कुस्तीसाठी आली. कुठंही बसा, जोड दिसते. जग बघून यायचं ते असं. आपली शिष्टमंडळं हल्ली जाऊन येतात तेव्हा सोबत एक फोटो आणतात. दोन माणसं, दोन फाइली, मागं बॅनर. त्याला सामंजस्य करार म्हणतात. त्यातलं सामंजस्य काय होतं, हे पुढच्या वर्षी विचारलं तर फाइल शोधावी लागते.

आता जग दारात येतं म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा तपशिलानं बघू. ऊस घ्या. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाणारा शेतकरी एफआरपीवर, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरावर, तासभर बोलू शकतो, त्याला कुणी शिकवायची गरज नाही. त्याचा मुलगा मात्र आमच्याकडं बी.कॉम. किंवा बी.ए. अर्थशास्त्र करतो आणि त्याला हे माहीत नसतं की ब्राझीलमधला कारखानदार दर हंगामात उसाची साखर करायची की इथेनॉल, हे बऱ्याच अंशी कच्च्या तेलाचा भाव बघून ठरवतो. तेल चढलं की तिकडं इथेनॉलकडं ऊस वळतो, साखर कमी होते, जगाच्या बाजारात साखर तापते, आणि मग आपल्याकडं निर्यातीला परवानगी द्यायची की नाही यावर दिल्लीत खल सुरू होतो. आपल्या साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये क्विंटलला ३१०० रुपये ठरला, त्यानंतर एफआरपी वाढत गेली. या दोन आकड्यांच्या मधे कारखान्याचा ताळेबंद कसा अडकतो, हे त्या मुलाच्या वडिलांच्या बिलावरून शिकवता येतं. हे शिकवायला डॉलर लागत नाहीत, एका कारखान्याचा वार्षिक अहवाल पुरतो. तो तर सभासद म्हणून घरीच आलेला असतो. बहुतेकदा चपातीच्या डब्याखाली.

फौंड्रीचं दुखणं वेगळं. उद्यमनगरात ज्या हातांनी ऑइल इंजिनं घडवली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत धंदा नेला. पण इंजिनाचा ब्लॉक आणि सिलिंडर हेड विजेवरच्या गाडीला लागतच नाही. म्हणजे कोणती कास्टिंग राहणार, कोणती जाणार, ट्रॅक्टर किती वर्षं डिझेलवर चालणार, पंपाचे आणि यंत्रांचे भाग वाढणार का, हा प्रश्न हजारो घरांच्या चुलीशी बांधलेला आहे. यावर आमच्या किती विभागांत एखादा प्रबंध चालू आहे? कामगारांच्या नोकरीतील समाधानावर मात्र प्रबंधांचा खच आहे. प्रश्नावलीत पाच पर्याय, शेवटी 'बहुसंख्य कामगार समाधानी आढळले.' मी स्वतः असे दोन प्रबंध वाचून सही केली आहे, तेव्हा बोट दाखवताना तीन बोटं माझ्याकडंही वळतात.

चपलेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी मी ती जरा खोलात जाऊन सांगणार आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेलच्या पायात आपलं पायताण दिसलं. नाव होतं लेदर सँडल. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. दोन दिवसांत प्रत्येक मोबाइलवर ते पोहोचलं, सगळीकडं संताप झाला. राज्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, मग कंपनीनं मान्य केलं की ही प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतली आहे. नेमकं त्याच सुमारास आमचं कॉलेज सुरू होत होतं. मी वर्गात विचारलं, आपल्या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला आहे हे किती जणांना माहीत आहे? बरेच हात वर झाले. बरं, जीआय मिळाल्यानं नेमकं काय मिळालं? शांतता. एक मुलगा म्हणाला, "सर, नाव मिळालं." बरोबरच होतं त्याचं, पण अर्धंच. मी पुढं विचारलं, नाव मिळालं ते कुणाला?

इथं खरी गंमत आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते सुभाषनगरातल्या एखाद्या कारागिराच्या नावावर नाही. ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या, लिडकॉम आणि लिडकरच्या, नावावर आहे. आणि त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे कर्नाटकचेही चार. म्हणून प्राडाविरुद्ध काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली. मानांकनाचा नोंदणीकृत मालक दाद मागू शकतो, तुम्ही मालक नाही, असा त्याचा मथितार्थ. मानांकन नावाला आणि मूळ वस्तूला संरक्षण देतं. नाव न वापरता नुसता आकार उचलला तर काय, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. त्यासाठी डिझाइनचा कायदा वेगळा, त्याच्या मुदती वेगळ्या, आणि शतकानुशतकं चालत आलेला आकार त्यात बसवणं कठीण. संताप करायला हे काही माहीत असावं लागत नाही. वाटाघाटीला बसायचं तर लागतं. पुढं डिसेंबरमध्ये प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड, किंमत साधारण आठशे युरो, बनवायचे इथल्या कारागिरांनी. ते आठशे युरो चपलेच्या कोणत्या शिलाईला किती मिळणार, हे करारात कुणी कसं लिहिलं असेल, याची मला राहून राहून उत्सुकता आहे.

आता माझ्या विषयाकडं येतो. चप्पल लाइनपासून कायद्याचं कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर, कॉमर्स कॉलेजं हाकेच्या अंतरावर, विद्यापीठ बसनं अर्ध्या तासावर. कायद्याच्या पोरांना बौद्धिक संपदा शिकवतात, कॉमर्सच्या पोरांना किंमतनिर्धारण शिकवतात, इंग्रजीच्या पोरांना व्यावसायिक पत्रव्यवहार शिकवतात, केमिस्ट्रीच्या पोरांना चामडं कमावण्याचं रसायनशास्त्रसुद्धा कुठंतरी एका धड्यात असतं. ही चार पोरं एका टेबलाभोवती बसून एका कारागिरासाठी दोन पानी करार लिहितात, असं दृश्य मी आजवर पाहिलं नाही. कारण त्यांच्या परीक्षा वेगळ्या, क्रेडिट वेगळे, विभागप्रमुख वेगळे. नव्या धोरणात विषयांच्या भिंती पाडायच्या म्हणतात. भिंती पडल्यात की नाही ठाऊक नाही, वेळापत्रक मात्र पडलं आहे.

बाहेर गेलेल्यांबद्दलही एक सांगितलंच पाहिजे, कारण आमच्या विद्यापीठाची जगात खरी ओळख कशानं झाली हे त्यातून दिसतं. इथल्या पदार्थविज्ञान विभागातून पीएच.डी. झालेले कितीतरी संशोधक गेली काही दशकं दक्षिण कोरियातल्या विद्यापीठांत पोस्ट-डॉकला जात आले आहेत. कोल्हापूर आणि कोरिया! ही वाट कुठल्या शिष्टमंडळानं पाडली नाही. महागडी निर्वात यंत्रं परवडत नव्हती, म्हणून इथल्या प्राध्यापकांनी बीकरमधल्या द्रावणात काच बुडवून तिच्यावर अतिपातळ थर चढवण्याच्या स्वस्त पद्धतींवर जीव ओतला. बुडवा, धुवा, दुसऱ्या द्रावणात बुडवा, पुन्हा धुवा. शेकडो वेळा. ऐकायला धुणं धुतल्यासारखं वाटतं. त्या चिवटपणातून सुपरकपॅसिटर, सेन्सर, सोलर सेल यांवरचे इतके निबंध निघाले की तिकडच्या प्रयोगशाळांना ही माणसं हवीशी झाली. गरिबीतून आलेलं एक कसब पंचवीस-तीस वर्षं धरून ठेवलं, म्हणून हे झालं. त्यांच्यापैकी कुणी 'ग्लोबल कॉम्पिटन्सी' नावाचा दोन क्रेडिटचा कोर्स केला असेल असं वाटत नाही.

इथं मला एका आक्षेपाला तोंड द्यायचं आहे, आणि तो किरकोळ नाही. माझ्याच एका सहकारी बाईंनी स्टाफरूममध्ये तो तोंडावर घेतला. "सर, तुम्ही राहणाऱ्यांचं कौतुक करताय, पण राहणं कुणाच्या वाट्याला काय घेऊन येतं ते बघा. एखाद्या मुलीला घरातनं बाहेर पडायला डिग्री हाच एक दरवाजा असतो. तुम्ही तिला सांगणार, इथंच बस आणि उसाचा ताळेबंद वाच?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, नंतर लंडनला. त्या दुसऱ्या शिक्षणाला शाहू महाराजांनी हात दिला. त्यांना 'इथंच राहून शिक' असं कुणी सांगितलं असतं तर? गावानं ज्याला पाण्यालासुद्धा शिवू दिलं नाही, त्याच्यासाठी जाणं हीच मुक्ती होती, आजही कित्येकांसाठी आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दर वर्षी जगातल्या नामांकित विद्यापीठांत पाठवते. ७५ हा आकडा वाढला पाहिजे, त्यात कुचराई करणाऱ्याला माझ्या लेखाचा आधार मिळू नये.

म्हणून बाईंना मी दुसऱ्या दिवशी जे सांगितलं तेच इथं लिहितो. जायचं की राहायचं, हे विद्यापीठानं ठरवायचं नाही. त्या मुलीनं ठरवायचं. पण आज तिच्यापुढं दोन बरोबरीचे दरवाजे नाहीत. एकावर 'जग' लिहिलंय आणि दुसऱ्यावर 'उरलेले'. राहिली तर तिच्या पदवीला दहा हजारांची नोकरी आणि लग्नाच्या बायोडेटातली एक ओळ यापलीकडं किंमत नाही, म्हणून ती जाते किंवा जाता येत नाही म्हणून झुरते. इथं बसून जर ती जर्मन गिऱ्हाइकाशी भांडू शकली, मानांकनाचा अर्ज लिहू शकली, तर राहणं ही हार उरणार नाही. बाई म्हणाल्या, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे अर्धं मान्य.

मग करायचं काय? मी काही कुलगुरू नाही, तेव्हा मोठा आराखडा माझ्याकडं नाही. वर्गात जे दिसतं तेवढं सांगतो.

इंग्रजीपासून सुरुवात करतो, कारण जागतिक म्हटलं की पालकांना आधी तेच सुचतं. स्पोकन इंग्लिशवर आपण भरमसाट पैसे घालवतो. 'हाऊ आर यू'ला फटकन उत्तर देणारी पोरं तयार होतात. पण तीन पानी खरेदी आदेशातली 'विलंब झाल्यास दंड' ही ओळ कुठं लपली आहे ते त्यांना सापडत नाही, आणि सापडली तरी 'ही अट आम्हाला मान्य नाही' असं सभ्य शब्दांत लिहिता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता, ट्रक हलत नव्हते. अशा वेळी दंड माफ करून घेणारं पत्र कसं लिहायचं? त्यात कोणतं कलम दाखवायचं? एका सत्रात वीस खरी पत्रं लिहून घेतली तर स्पोकन इंग्लिशची तीन वर्षं फिकी पडतील. आणि भाषेचाच विषय निघालाय तर, कोल्हापुरी चपलेचं चामडं आणि सुटे भाग ज्या निपाणी-अथणी पट्ट्यातून येतात, तिथली कन्नड आमच्या किती पोरांना येते? विद्यापीठात परकीय भाषा विभाग आहे, तो वाढावाच. पण जपानी शिकायला निघालेल्याला चाळीस किलोमीटरवरची भाषा येऊ नये, याला मी दूरदृष्टी म्हणणार नाही.

दुसरं, ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या धोरणातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आणि तिची सगळ्यात लवकर माती झाली. काकांच्या दुकानाचा शिक्का, मामाच्या पतसंस्थेचं लेटरहेड, आणि फाइल जमा. पोरांना दोष देऊ नका. एका कॉलेजातून एकाच महिन्यात तीनशे पोरं बाहेर काढली तर गोकुळ शिरगावात कोण कुणाला उभं करून घेणार? माझं म्हणणं, पोरांना पाठवण्याऐवजी तिथले प्रश्न आत आणा. त्या जर्मन शीटसारख्या शीट दर महिन्याला शंभर कारखान्यांत येतात. नावं खोडून त्यातल्या दहा जरी वर्गात आल्या, तरी फिजिक्सचा मुलगा युनिट काढेल, कॉमर्सची मुलगी खर्च लावेल, तिसरा पत्र लिहील. कारखान्याला फुकट मदत आणि पोरांना खरा पेपर.

परीक्षेचं काय? ती बदलल्याशिवाय यातलं काहीच होणार नाही, एवढं म्हणून पुढं जातो. त्यावर स्वतंत्र लेख लागेल आणि तो वाचायला कुणी थांबणार नाही.

शेवटचा मुद्दा शिक्षकांचा. तो बोलायला सगळ्यांना अवघड जातो. जगाच्या तोडीचं शिक्षण द्यायचं म्हणतो त्या कॉलेजांत अर्धाअधिक भार तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षकांवर आहे. सीएचबी हा शब्द आता प्राध्यापकाच्या हुद्द्यासारखा वापरला जातो. सकाळी एका कॉलेजात दोन तास, मोटारसायकलवरून दुपारी दुसऱ्या गावात दोन तास, मानधन कधी चार महिन्यांनी. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही माणसं. यांच्याकडून आपण ब्राझीलच्या इथेनॉलचा धागा उसाच्या बिलापर्यंत आणायची अपेक्षा करतो. त्यासाठी वाचायला वेळ लागतो, आणि वेळ तर आपण त्यांच्याकडून तासावर विकत घेतलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात कॅम्पस काढायचे नियम केले, नवी मुंबईत त्यांच्यासाठी नगरी उभी करायची घोषणा झाली. येऊ देत. ज्याला परवडेल तो शिकेल. पण त्या नगरीतल्या एका इमारतीच्या काचांच्या खर्चात आमच्या तीन जिल्ह्यांतल्या किती रिकाम्या जागा भरता आल्या असत्या, असला हिशोबी विचार कॉमर्सच्या मास्तराच्या डोक्यात येणारच.

त्या फोनचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पोरानं शीट भरली. वर्षभराची लाइटची बिलं काढली, भट्टीचा मीटर वेगळा नव्हता म्हणून शिफ्टच्या नोंदींवरून भट्टीचा वाटा काढला, स्क्रॅपवाल्याकडून लिहून घेतलं. दोन ठिकाणी तिकडून प्रश्न आले, त्यांनाही उत्तर दिलं. ऑर्डर टिकली. मला वाटलं, हे त्यानं आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना येऊन शिकवावं. यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' अशी सोय केली आहे, पण त्याला पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. याचा आठ वर्षांचा. मग पाहुणा वक्ता म्हणून बोलवायचं ठरवलं. ऑफिसमधून मानधनाचा फॉर्म आला, त्यात शैक्षणिक पात्रतेचा रकाना होता. त्यानं लिहिलं, बी.कॉम. फॉर्म परत आला. किमान पदव्युत्तर पाहिजे म्हणे.

तो तरीही आला, शनिवारी, फौंड्रीला दुपारची सुट्टी काढून. लॅपटॉप स्वतःचा. मुलांना शीट दाखवली आणि म्हणाला, "ह्यो कॉलम बघा, इथं मी पहिल्यांदा चुकलो." पाऊण तासाचं लेक्चर दोन तास चाललं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "दादा, भट्टीचा मीटर वेगळा बसवायला किती खर्च येतो?" तो हसला. म्हणाला, मालकांनी पण हेच विचारलंय, सोमवारी कोटेशन यायचंय.